अठरा फुटी की सव्वीस फुटी?

होडी घ्यायची ठरली की घरात पहिली चर्चा होते ती माणसांची. आपण किती जण, आजी येणार का, मावशीकडची मुलं बसतील का, एखादा पाहुणा आला तर काय. माणसं मोजता मोजता मोठी होडी आपोआप ठरून जाते. मला वेगळा क्रम सुचवायचा आहे. आधी पाणी बघावं, मग होडी, आणि माणसं सगळ्यात शेवटी.

ठाण्यात खोपटसारख्या भर वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला होडीची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. शहराच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे. ती विटावा, ऐरोली, वाशी करत मुंबई बंदराला मिळते. दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी आहे. ती कल्याणहून निघून काशेळी, कोलशेत, गायमुख, घोडबंदर अशी वळणं घेत वसईजवळ समुद्रात शिरते. कळव्याच्या बाजूला एका अरुंद फाट्यानं ही दोन्ही पाणी जोडलेली आहेत. चेंदणी आणि महागिरी हे कोळीवाडे आज रेल्वे आणि बाजारपेठेच्या कोंडाळ्यात दिसत असले, तरी ते मूळचे खाडीचेच. नवी सहलीची बोट बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, त्यामुळे नजर जाते ती विकायला काढलेल्या मासेमारीच्या जुन्या होडीकडे. तिथं बहुधा दोन मापांमध्ये मन अडकतं. एक असते साधारण १८ फुटी उघडी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. दुसरी २६ फुटी, पोटात डिझेल इंजिन, मध्ये मासळी आणि बर्फ ठेवायचा खण, वर डेक, मागे जेमतेम उभं राहता येईल अशी केबिन.

माझा कौल आधीच सांगतो. खाडीत फिरायचं असेल तर लहान घ्या, पण रुंद बघून घ्या. २६ फुटी होडी वाईट नाही. पण ती ज्या कामासाठी आणि ज्या पाण्यासाठी बांधली आहे, ते काम आणि ते पाणी रविवारच्या सहलीचं नाही.

१८ वरून २६ म्हणजे लांबी ४४ टक्क्यांनी वाढली. रुंदी आणि खोली त्याच प्रमाणात वाढली, तर होडीचं घनफळ मात्र तिप्पट होतं. वजन, रंग, दुरुस्ती, पावसाळ्यात वर ओढायला लागणारे हात, हे सगळं घनफळाच्या मागे धावतं, लांबीच्या नाही. वेगाचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा सहज गाठता येणारा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पाण्याला टेकलेली लांबी १८ फूट धरली तर तो ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास येतो, २६ फूट धरली तर साडेबारा-पावणेतेरा. तिप्पट होडी सांभाळून पदरात पडतात ते ताशी दोन किलोमीटर.

आता होडी कलंडण्याचा मुद्दा. कुटुंबाच्या दृष्टीनं हाच खरा महत्त्वाचा. मोठी होडी जास्त स्थिर असते हा समज अर्धा बरोबर आहे. ढोबळ गणित करून बघू. १८ फुटी होडी, इंजिन आणि पाच माणसं मिळून ९०० किलो वजन आहे आणि ती पाचही माणसं एकाच वेळी मधून काठाकडे पाऊण-एक मीटर सरकली असं धरा. तर चांगल्या रुंद होडीलाही वीस अंशांच्या पुढे कल येतो आणि काठ पाण्याला टेकायच्या बेतात येतो. तीन टनांच्या २६ फुटी होडीत तीच पाच माणसं तशीच सरकली तर कल त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी. इथपर्यंत मोठीचं पारडं जड आहे.

पण पाच माणसांसाठी २६ फुटी होडी कोणी घेत नाही. ती घेतली की बारा-पंधरा माणसं चढतात, आणि ती चढतात कुठं? डेकवर. मासेमारीची होडी अशी बांधलेली असते की तिचं ओझं पोटात बसावं. बर्फ खाली, मासळी खाली, डिझेलची टाकी खाली, आणि वर तांडेल आणि दोन-चार खलाशी, ज्यांचे पाय समुद्रावर मुरलेले असतात. हीच होडी सहलीला निघते तेव्हा खण रिकामा असतो आणि टनभर वजन कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर जाऊन बसतं. तळाचा भार गेला, माथ्यावरचा वाढला. भरल्या खणानं पश्चिमेचा वारा खाऊन आलेली होडी रिकाम्या खणानं आणि भरल्या डेकनं खाडीतल्या एका वळणावरही घाबरवू शकते. उघड्या १८ फुटी होडीत माणसं फळीवर बसतात, पाय तळाला आणि कंबर काठाच्या खाली. भार आपोआप खालीच राहतो. मोठी होडी घ्यायचीच असेल तर खणात वाळूची पोती भरून ती हलणार नाहीत अशी बांधावी लागतात. मुलांना डेकवर नव्हे, तर खणाच्या पातळीवर बसवावं लागतं. हे दर रविवारी कोण करणार?

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडून मरण पावल्या. माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती, फोटोसाठी एका बाजूला गर्दी झाली, असं त्या वेळच्या बातम्यांतून पुढे आलं. किनारा जवळ होता, दिवस उजेडाचा होता आणि महिना जानेवारीचा, म्हणजे समुद्र शांत असण्याचा. भार एका बाजूला गेला की यातलं काहीच उपयोगाला येत नाही.

किती माणसं बसवावीत याचा एक सोपा हिशेब अमेरिकेचं तटरक्षक दल २० फुटांच्या आतल्या होड्यांसाठी देतं. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणा आणि १५ ने भागा. १८ गुणिले ६ म्हणजे १०८, भागिले १५ म्हणजे सात. हे सात जण सरासरी ६८ किलोंचे आणि हवा चांगली असताना. आपल्याकडे डबे, पाण्याचे कॅन, सतरंजी आणि इंधनाचा जादा डबा हे सगळं बरोबर येतंच, म्हणून सातऐवजी पाच धरावेत. इंजिनवर बसणारा त्या पाचांतलाच. तीच होडी पाच फूट रुंद असेल तर उत्तर सहाच येतं. म्हणून लहान होडी बघायला जाताना टेप काढायची ती आधी रुंदीसाठी.

आता पाण्याकडे येऊ, कारण ठाण्याच्या बाबतीत निकाल तिथंच लागतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला मीटरभराच्या खाली उतरतं. ठाण्याकडची खाडी गाळानं भरत आली आहे. ओहोटीला मधली एक नाळ सोडली तर दोन्ही बाजूंना तिवरांपर्यंत नुसता चिखल उघडा पडतो. सहा तासांच्या ओहोटीत पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढंच उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं पाणी निघून जातं. डबे उघडून निवांत बसलेल्या कुटुंबाला पहिल्या दीड तासात काही कळत नाही, आणि मग एकदम काठ दूर जायला लागतो.

आउटबोर्डची १८ फुटी होडी इंजिन वर उचललं की जेमतेम फूटभर पाण्यात तरंगते. दोन माणसं उतरून तिला ढकलू शकतात, काठीनं रेटू शकतात. २६ फुटी होडीचा पंखा तळाखाली पक्का बसवलेला असतो, तो वर घेता येत नाही. तिला अडीच-तीन फूट पाणी हवंच. ती चिखलात बसली की तांडेलसुद्धा काही करू शकत नाही, पाणी परत येईपर्यंत थांबायचं. भरती ओसरायला लागल्यावर लगेच बसली तर हे थांबणं बारा तासांच्या घरात जातं. त्यात उधाण सरून पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांकडे, चाललं असेल, तर पुढची भरती आजच्याइतकी चढतही नाही. लहान मुलं, उन्हाचा तडाखा, आणि चारी बाजूंना कमरेपर्यंत पाय जाईल असा चिखल. सहलीला निघताना मोठी होडी सुरक्षित वाटते ती लाटांच्या विचारानं. पण ठाण्याच्या खाडीत लाटांपेक्षा चिखलाशी गाठ जास्त वेळा पडते.

उथळ तळाचं महत्त्व इथल्या पाण्याला नवं नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी उल्हासच्या खाडीच्या आश्रयानं जहाजबांधणी सुरू केली. मराठ्यांच्या आरमारात मोठ्या गुराबांच्या बरोबरीनं हलकी, कमी पाण्यात चालणारी गलबतं होती. वल्ह्यांवर आणि शिडावर पळणारी ही गलबतं परकीयांची जड जहाजं पोहोचू शकत नव्हती अशा खाड्यांत शिरायची. मोठ्या जहाजाला पाणी शोधत फिरावं लागतं, हा धडा कोकणच्या किनाऱ्यानं फार आधी गिरवलेला आहे.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब ज्याच्या घरी कालनिर्णय टांगलेलं आहे त्याला सहज जमतो. तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष कोणताही असो, वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे ठाणे-कल्याणकडे या वेळेत भर घालावी लागते, आणि नेमका आकडा भरतीच्या छापील तक्त्यावरूनच घ्यावा. पण सहलीचा दिवस निवडायला हा हिशेब फार उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे दुपारभर पाणी समुद्राकडे ओढत असतं, आणि नेमका त्याच वेळी पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. घोडबंदरच्या बाजूला उतरतं पाणी पश्चिमेला धावतं आणि वारा पूर्वेला. दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. १८ फुटी होडीला त्या नकोशा असतात. एकादशी-द्वादशीला मात्र सकाळी चढत्या पाण्यावर निघून, वारा सुटायच्या आत आणि पाणी फार उतरायच्या आत परत येता येतं. सुटी रविवारची म्हणून सहल रविवारीच, हा हट्ट खाडी चालवून घेत नाही.

लहान होडीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. गायमुख, नागला बंदर, घोडबंदरचा पट्टा, डाव्या हाताला येऊरच्या रांगेचे उतार, समोरच्या काठाला नागल्याचं जंगल, एवढं पाणी तिच्यासाठी पुष्कळ आहे. वसईच्या किल्ल्यापुढे, जिथं खाडी समुद्राला मिळते, तिथं तिनं जाऊ नये. तिथली लाट वेगळी असते आणि तिथून मागे फिरताना उतरत्या पाण्याविरुद्ध इंजिनाचा कस लागतो. समुद्रच बघायचा असेल तर कोळीवाड्यातल्या जाणत्या नाखव्याशी बोलून, रीतसर परवाना असलेल्या बोटीनं जावं. होडी आपल्या मालकीची असली की ती नको तिथं न्यायचा मोह होतो, आणि मोठी होडी असली तर तो जास्तच होतो.

दक्षिणेकडच्या खाडीचं आकर्षण म्हणजे रोहित पक्षी. तिथं ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान पश्चिम काठाला २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. अभयारण्यात आपली होडी घेऊन मनाला येईल तसं शिरता येत नाही, वन विभागाची परवानगी लागते. ऐरोलीच्या केंद्रातून वन विभागाच्याच बोटी पक्षी दाखवायला निघतात. पक्ष्यांसाठी त्याच बोटीनं जाणं मला सगळ्यात बरं वाटतं, कारण थव्यापासून किती अंतर राखायचं हे त्या नावाड्यांना ठाऊक असतं.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण व्यवहार फसतात ते इथंच. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते, आणि १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली तिला मासेमारीचा परवाना असतो. त्या परवान्यावर कुटुंब घेऊन फिरणं बसत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रं दिली गेली आणि बोटींची तपासणी कडक झाली. मासेमारीचा क्रमांक नाळेवर रंगवलेली, पण आत डबे घेऊन बसलेलं कुटुंब असलेली होडी गस्तीच्या नजरेत येणारच. म्हणून विकत घेतल्यावर ती मासेमारीच्या नोंदीतून काढून, खासगी वापरासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदवून आणि तपासून घ्यावी लागते. माणसांची अधिकृत संख्याही त्या तपासणीतच ठरते. तिथं काय काय लागेल ते पैसे देण्याआधी विचारून यावं. मोठ्या होडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. अनेक यांत्रिक होड्या मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून बांधल्या गेल्या आहेत. ते कर्ज फिटलं आहे आणि बोजा उतरला आहे याचा संस्थेचा दाखला हातात पडल्याशिवाय २६ फुटीला हात लावू नये. आणि संस्थेच्या सवलतीच्या डिझेलवर सहल काढायचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाशी व्यवहारच करू नये.

जुनी फायबरची होडी वरून चकचकीत दिसते, कारण विकण्याआधी तिला रंगाचा हात मारलेला असतो. तिची खरी स्थिती कानानं कळते. लाकडी मुठीची लहान हातोडी घ्या आणि नाळेपासून मागेपर्यंत वीतभर अंतरानं हलके ठोके देत जा. थर एकजीव असतील तर आवाज टणक, मोकळा येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड भिजलं असेल तर त्याच ठोक्याला भद्द आवाज येतो. जिथं आवाज बदलेल तिथं खडूनं खूण करा. एखाद-दुसरी खूण चालते, पण खुणा जोडून तळहाताएवढे पट्टे दिसायला लागले तर निघून या. सगळ्यात जास्त लक्ष हवं ते मागच्या आडव्या फळीकडे, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. फायबरच्या आत तिथं बहुधा प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. इंजिन अर्धवट वर करा, त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा, आणि बरोबरच्या माणसाला फळी आणि तळ जिथं मिळतात त्या सांध्याकडे बघायला सांगा. तिथं केसाएवढी फट उघडून मिटताना दिसली तर ती फळी गेलेली आहे. नवी बसवण्याचा खर्च होडीच्या किमतीतून वजा होणार नसेल, तर तो सौदा सोडावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. गरम करून ठेवलेलं इंजिन कोणाचंही चालू होतं. मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार सलग पडते का पाहा. गिअरचं तेल काढून दाखवायला सांगा. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे. २६ फुटीत पंख्याचा दांडा जिथं तळातून बाहेर जातो तिथली गळती, इंजिन ज्या लाकडावर बसलं आहे त्याचे बोल्ट, आणि लाकडी होडी असेल तर पाण्याच्या रेषेखाली किड्यानं पोखरलेल्या फळ्या, हे सगळं आणखी तपासावं लागतं. तेवढ्यासाठी अनुभवी सुताराला दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावं.

लाइफ जॅकेट होडीबरोबर फुकट मिळाली तर घेऊ नयेत. उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या जॅकेटचा फोम दबलेला असतो. प्रत्येकाच्या मापाची नवी घ्यावीत. लहान मुलांच्या जॅकेटला मानेमागे कॉलर आणि जांघेतून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर राहतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर त्या मार्गावर प्रवाशांना जॅकेट घालायला लावण्याची सक्ती झाली. फळीखाली ठेवलेलं जॅकेट अपघाताच्या वेळी हाताला लागत नाही. ते धक्क्यावरच अंगात चढवायचं आणि धक्क्यावर परत येईपर्यंत काढायचं नाही.

होडी बघायला जायची उत्तम वेळ जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि एरवी पाण्याखाली लपणारा तळ डोळ्यांसमोर येतो. ठोकून बघायचं ते तेव्हा. पण पैसे तेव्हा द्यायचे नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली की चाचणी मागायची, आणि त्या चाचणीला आपल्या कुटुंबाएवढंच वजन आत बसवायचं. मोठी होडी असेल तर ते डेकवरच बसवायचं, कारण माणसं शेवटी तिथंच बसणार. सगळ्यांनी जॅकेट घातलेलं असू द्या आणि होडी बांधलेली असतानाच हे करा. शांत पाण्यात, धक्क्यापासून दोर सैल ठेवून, काठ एका बाजूला दाबून होडी डुलवायची आणि सोडून द्यायची. एका बाजूकडून निघून परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दहा झोक्यांचा वेळ घेऊन दहानं भागलं तर चूक कमी होते. लहान मासेमारी बोटींसाठीचा ठोकताळा असा आहे की झोक्याचे सेकंद होडीच्या रुंदीच्या मीटरांपेक्षा कमी हवेत. सहा फूट रुंद होडीला १.८ सेकंद, आठ फूट रुंद होडीला २.४. झोका त्यापेक्षा लांबला, होडी एका अंगाला जाऊन रेंगाळायला लागली, तर तिच्यात इतकी माणसं तितक्या उंचीवर बसवता येणार नाहीत. मग विकणारा कितीही म्हणाला की तिनं वीस वर्षं समुद्र बघितलाय, तरी त्याला विचारावं की त्या वीस वर्षांत तिच्या डेकवर किती माणसं बसली होती आणि खणात किती बर्फ होता.